झिओलाइटच्या संदर्भात 'निस्तापन', 'निर्जलीकरण' आणि 'आम्लता'

प्रश्न : झेडएसएम-५ या झिओलाइट (सूक्ष्म छिद्रं असलेली सिलिकॉन-ॲल्युमिनियम-ऑक्सिजनची जाळी) उत्प्रेरकावरचा मजकूर मराठीत आणतेय. कॅल्सिनेशनला 'भाजणे' म्हणावं की 'निस्तापन'? वाक्य असं आहे : '५५० अंश सेल्सिअसला निस्तापन केल्यावर निर्जलीकरण होऊन आम्लता घटली.'

भट्टीवाला : 'निस्तापन'च ठेवा, पण एक तळटीप द्या. दहावीच्या पुस्तकात निस्तापन म्हणजे कार्बोनेट धातुक मर्यादित हवेत तापवणे. झिओलाइटला याच्या उलट, भरपूर कोरडी हवा लागते. ताज्या झेडएसएम-५ च्या छिद्रांत टेट्राप्रोपिल अमोनियम (स्फटिक ज्याभोवती घडतो तो सेंद्रिय साचा-आयन) अडकलेलं असतं. ते पूर्ण जळायला हवं. हवा अपुरी पडली की त्याचा कोळसा होतो, पावडर करडी-काळी निघते आणि छिद्रं बुजतात. मिनिटाला १ ते २ अंशाने तापमान चढवायचं, ५५० ला ५-६ तास धरायचं.

रेणुचाळणी : मला 'निर्जलीकरण' जास्त खटकतं. छिद्रांतलं पाणी जातं ते निर्जलीकरण. थंड करून दमट हवेत ठेवलं की ते परत येतं. १७५६ साली क्रॉन्स्टेट यांनी खनिजाला 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं नाव दिलं ते याच पाण्यामुळे. जाळीतले हायड्रॉक्सिल गटच पाण्याच्या रूपाने निघून जातात ती घटना वेगळी : दोन ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारी) आम्ल-स्थानं जातात, एक लुईस (इलेक्ट्रॉन-जोडी घेणारं) स्थान उरतं. एच-वायमध्ये (वाय झिओलाइटच्या प्रोटॉन रूपात) हे साधारण ५००-५५० च्या पुढे जाणवतं, एच-झेडएसएम-५ त्याहून जास्त सोसतं. याला 'हायड्रॉक्सिल-लोप' म्हणा.

भट्टीवाला : मान्य. तिसरी घटना मात्र राहिली. मुशीत पावडरीचा जाड थर असेल तर निघालेली वाफ आतच कोंडते आणि ॲल्युमिनियम जाळीतून बाहेर ओढलं जातं. वाय झिओलाइटमध्ये हेच मुद्दाम करून अतिस्थिर वाय बनवतात. एकक कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा लहानात लहान भाग) २४.६५ वरून २४.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास आक्रसतो. नको असेल तर थर काही मिलिमीटरचाच ठेवा. स्टीमिंगला 'वाफवणे' म्हटलं तर मोदक आठवतात, 'वाफप्रक्रिया' चालेल.

प्रश्नकर्ती : म्हणजे 'आम्लता घटली' बरोबर?

रेणुचाळणी : आधी नमुना कोणत्या रूपातला ते बघा. साचा-आयन जळताना त्याच्या जागी प्रोटॉन येतो, म्हणजे पहिल्या निस्तापनाने आम्लता निर्माण होते. अमोनियम रूपातही ४५०-५०० ला अमोनिया गेला की तेच. घटली असेल तर काय घटलं ते लिहा : स्थानांची संख्या, तीव्रता की ब्रॉन्स्टेड-लुईस प्रमाण? सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर ३० असेल तर ग्रॅमला सुमारे ०.५४ मिलिमोल स्थानं अपेक्षित. अमोनिया-टीपीडीतून (शोषलेला अमोनिया तापवत सोडवून मोजण्याच्या चाचणीतून) संख्या आणि ढोबळ तीव्रता कळते, प्रकार कळत नाही. त्यासाठी पिरिडीन शोषवून अवरक्त वर्णपट : १५४५ प्रति सेंटिमीटरला ब्रॉन्स्टेड, १४५५ ला लुईस. १४९० च्या पट्ट्यात दोन्ही मिसळतात, तो मोजणीत धरू नका.

भट्टीवाला : आणि ॲल्युमिनियम-२७ एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटात) ५५ पीपीएमच्या, म्हणजे जाळीतल्या ॲल्युमिनियमच्या शिखराशेजारी ० ला शिखर दिसलं तर काही ॲल्युमिनियम जाळीबाहेर गेल्याचा संशय घ्या. तसं दिसलं तर 'निर्जलीकरण होऊन' काढा, 'ॲल्युमिनियम-निष्कासन होऊन' लिहा.