मदत हवी आहे: एक चादर चालते, चादरींची स्लाईस (यादी) चालत नाही

पूर्वभाग:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्यांचं बिलिंग करतोय. वस्तू हा इंटरफेस (कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा टाईप), त्यात किंमत() ही एकच मेथड. एक चादर फंक्शनला दिली की बिनबोभाट जाते. सगळा माल दिला की कंपायलर अडवतो. चादर ही वस्तू आहे, मग चादरींची यादी वस्तूंची यादी का नाही? उद्या सकाळी दाखवायचंय, लवकर सांगा.

सातरस्ता:
लँग्वेज कुठली ते तरी सांगा की ओ. एररही टाका.

जावावाला:
जावाच असणार. पॅरामीटरला वाइल्डकार्ड लावा, एक्स्टेंड्स वस्तू. सुटेल.

पूर्वभाग:
गो आहे. "कॅनॉट यूज माल ॲज टाईप []वस्तू".

सातरस्ता:
मग होणारच नाही. गोमध्ये इंटरफेसची व्हॅल्यू दोन वर्डची, एकात टाईपची माहिती, दुसऱ्यात डेटाचा पत्ता. तुमच्या स्लाईसमध्ये चादरींचे स्ट्रक्ट (प्रत्यक्ष नोंदी) सलग बसलेत. मांडणीच वेगळी, कास्टनेही (टाईप जबरदस्तीने बदलून) भागत नाही. एकेक उचलून नव्या स्लाईसमध्ये भरा. आणि चाललं असतं तर फंक्शनने त्याच यादीत टॉवेल घातला असता, मग?

जावावाला:
जावाच्या ॲरेत चालतं हे.

सातरस्ता:
चालतं, आणि टॉवेल घातला की प्रोग्राम चालू असताना ॲरेस्टोअरएक्सेप्शन येतं. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना पडण्यापेक्षा आत्ता अडलेलं बरं.

हुरडापार्टी:
पायथॉन घ्या राव. आमच्या नवी पेठेतल्या दुकानाचं सगळं त्यातच आहे.

बाळीवेस:
व्हर्जन? १.१८ पासून जेनेरिक्स (एकच फंक्शन वेगवेगळ्या टाईपना) आहेत: फंक बेरीज[टी वस्तू](माल []टी). लूपने नवी यादी भरायची गरज नाही.

पूर्वभाग:
१.१६, बदलता येत नाही. लूप लावला तर आता "मेथड हॅज पॉइंटर रिसीव्हर" म्हणतोय!

सातरस्ता:
म्हणजे किंमत() पॉइंटरवर लिहिलीय, ती चादर नाही, चादरीचा पत्ता मागते. एकटी चादर & (पत्ता घ्यायचं चिन्ह) लावून दिली असणार, म्हणून ती गेली. अशा वेळी *चादर (चादरीचा पॉइंटर) वस्तू ठरते, नुसती चादर नाही. लूपमध्ये &माल[आय] भरा. रेंजच्या (लूपच्या) व्हेरिएबलचा पत्ता घेऊ नका, गो १.२२ च्या आधी तो सगळ्या फेऱ्यांना एकच असतो, यादीभर शेवटचीच चादर येईल.

बाळीवेस:
त्यापेक्षा किंमत() व्हॅल्यूवर घ्या. नुसती वाचतेय ना ती?

सातरस्ता:
बाकीच्या मेथड पॉइंटरवर असतील तर एकटीच वेगळी ठेवू नका.

हुरडापार्टी:
कोडमध्ये खरंच 'चादर' असं देवनागरीत लिहिलंय? गोला नावात काना-मात्रा चालत नाहीत.

जावावाला:
जावाला चालतात.

पूर्वभाग:
नावं रोमनमध्येच आहेत, इथं मराठीत टाकली. &माल[आय] ने कंपाईल झालं, बेरीजही जुळली. रिसीव्हर पॉइंटरच ठेवतो, बाकीच्या मेथड स्टॉक वजा करतात.