जॅकेट, सॅक आणि बाईकला वॉटर-रिपेलंट स्प्रे: कुठे मारायचा, कुठे नाही?

घोटी_लाईन:
नाशिकहून सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक, नाहीतर घोटी-इगतपुरीकडे बाईकने जाणं होतं. पुढे अंजनेरी किंवा हरिहर. रायडिंग जॅकेटवरून आधी पाणी ओघळून जायचं, आता बाहेरचं कापडच पाणी पितं आणि जड होतं. सॅकचंही तेच. स्प्रे मारला की जॅकेट पुन्हा वॉटरप्रूफ होईल का? घरी ड्रायर नाही. आणि तोच स्प्रे टाकी, चेन, वायरिंगवर चालतो का?

कातळकडा:
वॉटरप्रूफ होणार नाही. पाणी अडवतो तो आतला पडदा आणि शिवणींवरची टेप. बाहेरच्या कापडावरचा रासायनिक थर फक्त पाणी झटकतो. पण तो गेला की कापड भिजतं, घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि आत ओल धरते. पुष्कळदा ही ओल म्हणजे गळती नसतेच, घाम असतो.

स्प्रे विकत घ्यायच्या आधी जॅकेट नीट धुऊन बघा. धूर, चेनचं तेल, अंगाचा तेलकटपणा आणि साबणाचा अंश यांनी थर झाकला जातो. नेहमीची कपड्यांची पावडर नको, सॉफ्टनर तर अजिबात नको. दोन्हींचा अंश कापडात राहतो आणि पाणी ओढून घेतो. आतले पॅड काढा, झिपा आणि वेल्क्रो लावा, कोमट पाण्यात टेक-वॉश प्रकारच्या द्रव साबणाने हाताने धुवा. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, पिळू नका. मशीनला टाकणार असाल तर साबणाचा कप्पा आधी धुऊन घ्या.

वाळल्यावर इस्त्री. लेबलवर इस्त्रीची मनाई नसेल तरच. सर्वांत कमी आच, वाफ बंद, मध्ये पातळ सुती फडकं. प्रिंट, रबरी लोगो आणि रिफ्लेक्टर पट्ट्या सोडून द्या. उष्णतेने जुना थर पुन्हा जागा होतो. मग चमचाभर पाणी टाका. थेंब गोळ्या होऊन घरंगळले तर स्प्रेचे पैसे वाचले. डाग गडद होऊन पसरला तर मात्र थर संपलाय.

मग स्प्रेच घ्या. धुण्याच्या पाण्यात मिसळायचं द्रव्य अस्तर असलेल्या जॅकेटला बरं नाही, कारण अस्तरही पाणी झटकायला लागतं आणि घाम टिपत नाही. पाण्यावर आधारलेला स्प्रे ओलसर जॅकेटवरच मारायचा: १५-२० सेंमीवरून, खांदे, बाह्या आणि मांडीकडचा भाग दोनदा. दोन मिनिटांनी जादा द्रव ओल्या फडक्याने टिपा, नाहीतर पांढरे डाग पडतात. वाळवून पुन्हा हलकी इस्त्री. हे सगळं गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन करा. बंद खोलीत फवारा छातीत गेला तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

जुन्या स्प्रेंमधल्या सी-८ प्रकारच्या फ्लोरोकार्बनशी (फ्लोरिन असलेली, पाणी-तेल झटकणारी रसायनं) जोडलेलं पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. आता पीएफसी-मुक्त, म्हणजे अशी फ्लोरिनवाली रसायनं नसलेले, स्प्रे मिळतात. ते पाणी झटकतात, तेल नाही. त्यामुळे बाईकवाल्याने जॅकेट जास्त वेळा धुवायला हवं.

शहरातल्या रिमझिमीला एवढं पुरतं. घोटीच्या पुढच्या धो-धो पावसात वरून रेनकोट घालाच.

नव्वद_नंबर:
बाईकचं सांगतो. कापडाचा स्प्रे बाईकवर नको. टाकी आणि रंगीत पॅनलला सिरॅमिक स्प्रे घ्या. गाडी धुवा, डांबराचे ठिपके काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सावलीत, पॅनल थंड असताना मायक्रोफायबरवर दोन फवारे घेऊन पसरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढा. त्यानंतर २४ तास पाणी नको. मॅट रंगावर मॅटसाठीचंच वापरा, नाहीतर चकाकणारे चट्टे उठतात.

डिस्क, ब्रेकपॅड, टायर, सीट आणि फूटरेस्टवर कुठलाच रिपेलंट जाऊ देऊ नका. डिस्क झाकून घ्या आणि स्प्रे नेहमी फडक्यावर मारा. डिस्कवर उडालाच तर ती अल्कोहोलने पुसता येते; सिलिकॉन प्यायलेले पॅड मात्र बदलावेच लागतात.

वायरिंगला स्प्रे नव्हे, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कनेक्टर उघडून पूर्ण कोरडा करा, रबरी सीलला पातळ हात फिरवा. ओल आत ठेवून ग्रीस लावलं तर पिना आतल्या आत हिरव्या पडतात.

ओ-रिंग चेन (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर. पेट्रोलने रबर खराब होतं. मग नव्वद नंबरचं गिअर ऑईल, आतल्या बाजूने, चेन कोमट असताना. १५ मिनिटांनी जादा तेल पुसा. इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. गिअरमध्ये गाडी चालू ठेवून चेन पुसताना बोटं जातात. चेन पावसात भिजली की नेहमीच्या ५०० किमीची वाट बघू नका, त्याच दिवशी तेल द्या.

काच_साफ:
हेल्मेटच्या व्हायजरची (पुढच्या पारदर्शक काचेची) भर घालतो. गाडीच्या काचेचा रिपेलंट व्हायजरच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर नको, कोटिंग धुरकट होतं. प्लास्टिकसाठीचा घ्या आणि फक्त बाहेरून लावा. वाऱ्याच्या जोरावर थेंब सरकतात. सिग्नलच्या गर्दीत, हळू वेगात ते तसेच बसून राहतात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकतो. आतल्या वाफेला पिनलॉकच (व्हायजरच्या आत बसवायची धुकं न धरणारी पट्टी).

घोटी_लाईन:
धन्यवाद. सॅकच्या आतून पांढरे पापुद्रे सुटताहेत आणि चिकट लागतं. त्यावर आतून स्प्रे मारू का?

कातळकडा:
नका. आतलं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग दमटपणाने कुजलंय, त्यावर काही टिकत नाही. सॅकच्या पट्ट्या आणि झिपा धड असतील तर पापुद्रे घासून काढा आणि आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पीळ देऊन दुमडा. रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीवरून ओघळणारं पाणी त्याच्या तळाशी साचतं. नवी सॅक घेतलीत तर कोरडी करूनच ठेवा, ओली कपाटात गेली की हेच पुन्हा.