आजी-नातीचा रोड मूव्ही: बोली कुणाची?

पटकथेत सातारा-कराड-पेठ नाका-सांगली असा प्रवास. आजी सातारची, नात पुण्यात वाढलेली, वाटेत ऊसतोड टोळी. सगळीच पात्रं साचेबद्ध वाटतायत. काय बदलू?

↳ सगळ्यांना एकच 'गावठी' दिलीत की वाटोळं! आजी 'काय करतीयास' म्हणेल. सांगलीत 'काय कराय लागलीस' ऐकू येतं. टोळी बीडकडची असेल तर बोली मराठवाडी. टोळीतल्या बाईला नाव द्या, तिलाही दोन प्रश्न विचारू द्यात. आणि टोळी जूनमध्ये नको, उसाचं गाळप हिवाळ्यात असतं.

↳ पेठ नाक्याला सांगलीकडं वळायचं की सरळ कोल्हापूर, ते आजीनं ठरवावं. नाहीतर ती नुसतं सामान.

↳ चालत्या गाडीत शूट करताना काचा, एसी बंद. प्रत्येकाला कॉलर माईक. वाऱ्यात आजीचं हळू बोलणं आधी जातं, मग डबिंगमध्ये प्रमाण मराठी घुसते.