शब्दचर्चा: ‘नॉइज’ म्हणजे आवाज नव्हे, मग काय?

भाषांतरी:
वेल्समधल्या आबरहोसन नावाच्या खेड्याची 2020 सालची बातमी मराठीत आणायची आहे. गावाचं ब्रॉडबँड दीड वर्ष रोज सकाळी सातला मान टाकायचं. केबल बदलून झाल्या, फरक शून्य. शेवटी इंजिनिअर स्पेक्ट्रम ॲनलायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) घेऊन पहाटे सहापासून भर पावसात गावभर हिंडले. सातच्या ठोक्याला यंत्राने धडक दाखवली आणि माग निघाला एका घरातल्या जुन्या टीव्हीपर्यंत. मालक रोज सातला टीव्ही लावत होता. बिचारा इतका ओशाळला, की हा टीव्ही पुन्हा लावणार नाही म्हणाला.

गाडी अडली आहे ‘इलेक्ट्रिकल नॉइज’पाशी, म्हणजे उपकरणातून निघून सिग्नलमध्ये ढवळाढवळ करणाऱ्या विजेच्या गडबडीपाशी. ‘टीव्हीच्या विद्युत आवाजामुळे इंटरनेट बंद’ असं केलं, तर पहिल्याच वाचकाचा प्रश्न: मग आवाज बारीक करायचा ना! ‘खरखर’ केलं, तर संपादकांचं म्हणणं की खरखर ऐकू येते, ही कुठे ऐकू येते? मजकूर तीनशे शब्दांचा आहे, कंसातलं स्पष्टीकरण चालणार नाही.

अनुस्वारी:
‘रव’ वापरा. कलरव, नीरव हे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ‘विद्युत-रव’. विषय संपला.

चपटी वायर:
रव म्हणजेही आवाजच की हो. विषय संपला कुठे, कपडे बदलून परत आला.

आधी तिथे काय घडतं ते बघू, शब्द नंतर. फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड साधारण 25 किलोहर्ट्झपासून वर चालतं, एडीएसएल-2 प्लस या जुन्या प्रकाराला 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत, व्हीडीएसएल या जास्त वेगाच्या प्रकाराला 17 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वर. गावातून खांबाखांबाने जाणारी ती तार म्हणजे नकळत उभारलेली लांबलचक अँटेना. पिक्चर ट्यूबचा टीव्ही लावला की ट्यूबभोवतीची डीगॉसिंग कॉइल, म्हणजे ट्यूबचं चुंबकत्व घालवणारं तारेचं वेटोळं, क्षणभर भरपूर करंट ओढते (‘ठण्ण’ होतं ते हेच). त्यात स्विचचे पॉइंट जळके असले किंवा पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर (विजेतले चढउतार गाळणारा भाग) सुकलेला असला, तर झटका बाहेर फेकला जातो. मोडेमचा सिंक, म्हणजे एक्स्चेंजकडच्या यंत्राशी जुळलेला मेळ, सुटतो. तो पुन्हा जुळायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि असं वरचेवर झालं की पलीकडचं यंत्र लाइन कमकुवत समजून आपणहून स्पीड उतरवतं. म्हणजे एका क्षणाचं दुखणं दिवसभर पुरतं.

तेव्हा ‘आवाज’ही नाही आणि ‘रव’ही नाही. ‘झटका’ लिहा.

तळटीप:
‘टीव्हीच्या झटक्याने गावाचं इंटरनेट बंद’. वाचक म्हणेल शॉक बसला.

खडूस मास्तर:
मराठीला शब्द नाहीत असं म्हणणाऱ्यांनी जुना रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलाशेजारी तासभर बसावं. तिथे ‘नॉइज’ असा एक शब्द चालत नाही, चार लागतात.

घूं: मेन्सची 50 किंवा 100 हर्ट्झची कुरकुर. मोठा फिल्टर कपॅसिटर बदला, जाते.
खरखर: सगळ्या पट्टीवर सारखी पसरलेली. स्टेशन दूर किंवा एरियल तुटकी.
तडतड: सुटी सुटी ठिणगी. मिक्सरचे कार्बन ब्रश, स्कूटरचा प्लग, ट्यूबलाइटचा स्टार्टर.
शिट्टी: दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर आली की.

कान लावला की कारागीर अर्धा आजार तिथेच सांगतो. आबरहोसनची ती ‘तडतड’ आहे. ‘टीव्हीच्या तडतडीने इंटरनेट बंद’. कोणीही आवाज बारीक करायला सांगणार नाही.

चपटी वायर:
मास्तर, जवळ आलात, पण एक खोच आहे. त्या इंजिनिअरांनी याला ‘शाइन’ म्हटलं होतं: सिंगल हाय-लेव्हल इम्पल्स नॉइज, म्हणजे एकच आणि मोठा. सतत येणारा असला तर त्याला ‘रेन’ म्हणतात, त्यातला ‘आर’ रिपिटिटिव्हचा. (भाषांतरी, ‘चमक’ आणि ‘पाऊस’ करू नका. करणारे आहेत.) तडतड एकदाच होत नाही. द्विरुक्ती म्हटली की वारंवारता आलीच: तडतड, टपटप, खणखण. एकदाच झालं की ‘तड्’, ‘टप्’, ‘खण्’. म्हणजे रेनला तडतड आणि शाइनला नुसता ‘तडाखा’. मराठीने हा भेद फुकट दिलाय, इंग्रजीला आद्याक्षरं जुळवावी लागली.

अनुस्वारी:
तडतड हा शेंगदाणे भाजतानाचा शब्द. वैज्ञानिक मजकुरात शोभत नाही.

तळटीप:
मोहरीचा. शेंगदाणे तडतडायला लागले म्हणजे ते करपले.

अनुस्वारी:
मुद्दा तो नाही. परिभाषेत शब्दाला प्रत्यय लागले पाहिजेत. ‘रव’ला ‘रवरहित’, ‘रवरोधक’ होतं. तडतडीला काय, ‘तडतडरोधक’?

खडूस मास्तर:
का नको? विश्वकोशाने अँटेनाला ‘आकाशक’ केलं. प्रत्यय वगैरे सगळे लागतात. आजवर गच्चीवरून कोणी ओरडलंय का, ‘आकाशक थोडा उजवीकडे फिरव’ म्हणून? लोक ‘अँटेना’ म्हणाले, नाहीतर ‘काड्या’. ‘काड्या वाकल्यात, कावळा बसला असेल.’

मुंगळा:
एवढ्या चर्चेत ‘मुंग्या’ कुठेच नाहीत? टीव्हीच्या नॉइजला घरोघरी तोच शब्द होता. ‘मुंग्या येतायत, कोणीतरी वर जा.’ स्टेशन नसेल तर सेटचा ऑटोमॅटिक गेन (कमजोर सिग्नल आपोआप मोठा करणारी सोय) पूर्ण वर जातो आणि ट्यूनरची स्वतःची उष्णतेची खरखर मोठी होऊन पडद्यावर दिसते, त्या मुंग्या. इंग्रजीत तो बर्फ. मुंग्या दिसणारे आपण एकटे नाही: स्वीडिशमध्ये ‘मुंग्यांचं युद्ध’, डॅनिशमध्येही तेच, हंगेरियनमध्ये ‘मुंग्यांचा फुटबॉल’, रोमानियनमध्ये पिसवा.

भाषांतरी:
मुंग्या छान आहेत, पण त्या गावात पडद्यावर काही दिसतच नव्हतं. तिथे इंटरनेट जात होतं.

मुंगळा:
मग ‘इंटरनेटला मुंग्या आल्या’ म्हणा.

तळटीप:
थांबा. ‘टीव्हीला’ मुंग्या आल्या की ‘टीव्हीवर’? पायाला मुंग्या येतात तेव्हा त्या पायाला जाणवतात. टीव्हीवर येतात तेव्हा त्या आपल्याला दिसतात, टीव्हीला काही कळत नाही. साखरेला मुंग्या ‘लागतात’. एकाच मुंगीची तीन व्याकरणं. ‘इंटरनेटला मुंग्या आल्या’ म्हणजे बधिर झालं. आबरहोसनला ते खरं तर अचूक बसतं.

खडूस मास्तर:
बसत नाही. मुंग्या हळूहळू येतात, तिथे एका क्षणात गेलं.

चपटी वायर:
मुंग्यांवरून आठवलं, ‘भूत’ही गेलं. चित्राच्या उजवीकडे दुसरं फिकट चित्र दिसायचं ते. उंच इमारतीवर आपटून उशिरा आलेला सिग्नल. पडदा 50 सेंटीमीटर रुंद असेल तर भूत साधारण एक सेंटीमीटर सरकलं म्हणजे सिग्नल एक मायक्रोसेकंद उशिरा आला, म्हणजे 300 मीटरचा वळसा. पट्टीने भूत मोजून कुठली इमारत ते शोधता यायचं. आताच्या डिश टीव्हीत मुंग्या नाहीत आणि भुतंही नाहीत. जोराचा पाऊस आला की आधी चौकटी फुटतात, मग चित्र गोठतं, मग ‘सिग्नल नाही’. मधलं काही नाही. त्या चौकटींना मराठीत काय म्हणायचं?

मुंगळा:
‘चित्र फुटतंय’ म्हणतात सर्रास. ‘चित्र तुटतंय’ सुद्धा.

तळटीप:
फुटणं आणि तुटणं वेगळं. फोनवर आवाज तुटतो, कारण मधला गळतो. चित्र फुटतं, कारण तुकडे जागेवरच असतात, पण चुकीचे.

भाषांतरी:
माझा प्रश्न...

चपटी वायर:
हो हो. वाचकांसाठी व्यवहाराची एक ओळही घाला: आपल्या घरात असं काही आहे का ते बघायला मीडियम वेव्हचा सेलवर चालणारा रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी सुई लावा, आवाज मोठा करा आणि घरभर फिरा. स्वस्तातले एलईडी दिवे, चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्याजवळ खरखर वाढेल. एकेक बंद करत जा. एफएम नको, तो ही तडतड बरीचशी गाळतो. आणि रेडिओ अडॉप्टरवर लावू नका, नाहीतर अडॉप्टरच सापडेल.

अनुस्वारी:
‘सेलवर चालणारा’ नव्हे. एकच असेल तर सेल, एकत्र जोडले की बॅटरी.

खडूस मास्तर:
मग ‘रिमोटचे सेल संपले’ यात चुकलं काय? दोन सेल, अनेकवचन, दोन्ही संपले. उलट ‘बॅटरी’ मराठीत हातात धरायची. लाइट गेल्यावर शोधतात ती. उजेड पाडणाऱ्या वस्तूला सेलांचं नाव मिळालं, ते तुमच्या शास्त्राला विचारून नव्हे.

तळटीप:
विदर्भात तिला टॉर्च म्हणतात ना?

मुंगळा:
दोन्ही म्हणतात. भाषांतरी, बातमीत मालक टीव्ही ‘लावायचा’ लिहिलंय की ‘चालू करायचा’? मराठीत टीव्ही लावतात. ‘चालू करायचा’ मिक्सर.

अनुस्वारी:
मिक्सरही लावतातच.

खडूस मास्तर:
कुकर लावतात. मिक्सर फिरवतात.

भाषांतरी:
सध्या ‘तडाखा’ टाकला आहे. संपादकांनी खोडून ‘तांत्रिक अडथळा’ केलं.