आबांच्या आठवणी : जे आठवतंय ते लिहा

आबांना जाऊन आता वर्ष होईल. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून करायच्या छपाईच्या काळात ते कोल्हापुरातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले आणि संगणकावर पानं लागायला लागल्यावर उपसंपादक म्हणून निवृत्त झाले. रात्रपाळी करून दिवसा कथा लिहायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निधनवार्ता नीट लावणाऱ्या माणसाची स्वतःची बातमी चार ओळींत आटोपली, हे मला पटत नाही. जे आठवेल ते लिहा. क्रम लावत बसू नका.

जुने कंपोझिटर, शिवाजी पेठ
मी खिळे जुळवायचो. गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळींचा गठ्ठा, बांधली की शाई फिरवून प्रूफ काढायचं, ते आबांच्या टेबलावर जायचं. बाकीचे वरूनच ओरडायचे. आबा प्रूफ हातात घेऊन खाली यायचे. मध्येच एक शब्द वाढला तर परिच्छेद संपेपर्यंत ओळी फोडून परत जुळवाव्या लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जेवढी जागा, तेवढ्यात मावणारा दुसरा शब्द शोधून आणायचे. "बघ रं, बसतोय का." आणि तो शब्द आधीच्यापेक्षा चांगला असायचा! त्यांच्या कथेत एक अक्षर फालतू सापडत नाही, ते या सवयीमुळं, असं माझं ठाम मत आहे.

वार्ताहर, गारगोटी
तेव्हा आम्ही बातमीचा लिफाफा एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचो. जत्रेतल्या कुस्तीची बातमी म्हणजे जिंकलेल्याचं नाव आणि इनाम, एवढीच रीत. आबांचा फोन यायचा. कुस्ती कुठल्या डावावर झाली? घिस्सा की एकलंगी? पडलेला पोरगा कुठल्या तालमीचा? "त्याचंबी नाव घाल. त्याच्या घरीबी पेपर जातो."

डेस्कवरची सहकारी
2005 च्या पुरात मी नवीन होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे इथं पोरासोरांना पाठ असतात. पण नुसतं "पाण्यात वाढ" असं आबा जाऊ द्यायचे नाहीत. आकडा किती वाजताचा, ते लिहायलाच लावायचे. नदीकाठच्या चिखली गावचा माणूस गोठ्यातली जनावरं कधी हलवायची ते यावर ठरवतो, म्हणायचे.

करवीर नगर वाचन मंदिरातला वाचक
मासिकांच्या टेबलाशी भेटायचे. आपल्या कथेचं कधी बोलले नाहीत. दुसऱ्याची आवडली तर मात्र पान उघडून हातात द्यायचे.

भाची
मामा पहाटे यायचा, झोपायचा आणि दुपारी टेलिप्रिंटरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसायचा. गुऱ्हाळावरच्या बाईची कथा लिहिताना तो सारखा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जायचा. एकदा मलाही नेलं. चुलवाणाच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या चुलीच्या धगीनं मी लांब पळाले. मामा गुळव्याशेजारी, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराशेजारी उभा. गुळव्यानं काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला थोडा पाक पाण्यात सोडला, बोटांनी गोळी केली आणि काहील उतरायला सांगितली. मामानं विचारलं, गोळी कशी लागली हाताला? गुळव्या हसला, त्यानं दुसरी गोळी करून मामाच्या हातावर ठेवली. कथेत ती गोळी त्या बाईच्या हातात आहे. तिला पाक कळतो, पण गुळव्याची मजुरी तिला कुणी देत नाही. मामाची हीच कथा मला सर्वांत मोठी वाटते.

2019 च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं, दिवाळी अंकांची ट्रंक भिजली. त्या कथेची शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटून गेली, सुटली नाहीत. पुस्तक कधी निघालंच नाही, त्यामुळं दुसरी प्रत नाही. कुणाकडं जुने अंक असतील तर कृपा करून बघा.

गडहिंग्लजहून
आमच्या वडिलांनी दिवाळी अंक कधी रद्दीत घातले नाहीत. माळ्यावर पोती आहेत. या रविवारी भावाला घेऊन उतरवतो. कथा सापडली तर झेरॉक्स घेऊन मीच कोल्हापूरला येतो.