केनेलमध्ये गोधडी टाकली की थंडी संपली?

ओलीमाती:
कालच्या धाग्यात एकांनी लिहिलं, "कुत्र्याला अंगभर केस आहेत, त्याला थंडी लागत नाही. फारच वाटलं तर केनेलमध्ये जाड गोधडी टाका आणि विषय संपवा." खाली लोकांनी सहमत, सहमत करत रांग लावली, म्हणून हा वेगळा धागा.

मोतीच्या पहिल्या हिवाळ्यात मीही गोधडीच टाकली होती. वरून हात फिरवला की कोरडी लागायची. आठवड्याने सकाळी उचलली तर जड झालेली, खालून ओलीगच्च, कुबट वास. मोतीने ती कोपऱ्यात लोटली होती आणि स्वतः उघड्या फळीवर नाक शेपटीखाली घालून मुटकुळं करून पडला होता. उच्छ्वासाची वाफ, ओले पाय, दव, सगळं ते कापड पितं आणि मग कुत्र्याच्याच अंगातली ऊब ओढतं. तेव्हापासून पेंढा. काड्या पोकळ असतात, ओल धरत नाहीत, आणि कुत्रा स्वतः उकरून त्यात खड्डा करतो. हिरवं वाळवलेलं गवत नको, ते दमट होऊन बुरसतं.

आणि केनेल लहान हवा. उभं राहता यावं, वळता यावं, पसरता यावं, बस. आतली शेगडी म्हणजे कुत्राच. त्याचं अंग ३८-३९ अंश असतं, पण खोलीएवढा केनेल त्याने कसा तापवायचा?

जुनंखोड:
ते वाक्य माझं आहे. माझा वाघ्या ११ वर्षं बाहेर झोपतो, एकदा आजारी पडलेला नाही. दाट केसांचा आहे, खाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर आहे. स्वेटर घालून घालून तुम्ही लोकांनी कुत्री नाजूक करून ठेवलीत, यावर कोणी बोलत नाही.

ओलीमाती:
काका, स्वेटरचा शब्दही मी काढलेला नाही. वाघ्याला दुहेरी केस आहेत, मोतीला नाहीत. आखूड केसांचं, हडकुळं, पिल्लू किंवा म्हातारं कुत्रं वाघ्याच्या मापाने कसं मोजता? आणि वाघ्याचेही केस भिजले की निम्मं काम गेलं.

सुतारपक्षी:
केनेल मी स्वतः बनवतो. तळ जमिनीपासून चार-सहा इंच उचला, दार मधोमध न ठेवता एका कडेला आणि वाऱ्याकडे पाठ करून. मात्र सगळ्या फटी बुजवू नका. मी एकदा प्लास्टिकने डबाबंद केला, तर सकाळी छतावरून थेंब टपकत होते. वर, छपराखाली एक फट ठेवाच. दोन प्लायच्या मध्ये थर्मोकोल घातलात तर त्याची कड उघडी सोडू नका, कुत्रं कुरतडून गिळतं.

पहाटवारा:
एवढा खटाटोप कशाला? मी ६० वॅटचा बल्ब लावतो. दोन हिवाळे झाले, छान ऊब राहते.

निळाई:
पेंढ्यात बल्ब? आजच्या आज काढा. आमच्याकडे हेच केलं होतं. रात्री कुत्रा अंग झाडताना बल्बला लागला, होल्डर सुटून खाली आला. मला जाग आली ती करपल्याच्या वासाने. पेंढ्याला नुसती धग लागली होती, ज्वाळा नव्हती, म्हणून वाचला. त्याच्या पाठीवर वितभर केस अजून येत नाहीत.

पहाटवारा:
वाईट झालं. पण तुमचा होल्डर सैल होता, हा बल्बचा दोष नव्हे. माझ्याकडे लोखंडी जाळी आहे, वायर पाइपातून नेली आहे.

सुतारपक्षी:
जाळीही तापते. आणि पाइप कुत्र्याने चावला नाही हे रोज वाकून बघता का?

पहाटवारा:
रोज नाही.

निळाई:
मग कुठल्या भरवशावर झोपता?

पहाटवारा:
आवाज चढवू नका. माझं कुत्रं माझ्याइतकं तुम्हाला प्रिय नाही. बल्ब काढला आणि ते गारठलं तर? गरम पाण्याची पिशवी ठेवू म्हणता?

निळाई:
ठेवा, पण जाड कापडात गुंडाळून, आणि निवली की बाहेर काढा. गार पिशवी कुत्र्याला उलट गारठवते. तीही चावणाऱ्या कुत्र्याला देऊ नका.

रातकिडा:
सगळे पेंढा आणि बल्बवर भांडताय. आमच्या मागच्या घरातला कुत्रा साखळीने बांधलेला असतो. साखळी खुंटीला गुंडाळली गेली की तो केनेलच्या दारापर्यंत पोचत नाही. मी रात्री दोनला उठून कुंपणावरून काठीने ती सोडवली आहे. तिथे पेंढा काय करणार? बाहेर ठेवायचंच कशाला, ते आधी सांगा.

जुनंखोड:
साखळीचं बरोबर आहे. मी वाघ्याला कधी बांधलेलं नाही. पण प्रत्येकाने कुत्रं घरात घ्यावं हा हट्ट चालणार नाही.

ओलीमाती:
रोज नका घेऊ. पण कुत्रं कुडकुडताना दिसलं तर त्या रात्री आत घ्या. आणि कुडकुडणं थांबून ते सुस्त पडलं, हाकेला मान उचलेना, तर सरावलं असं समजू नका. अंग कोरडं करा, पांघरुणात गुंडाळा आणि डॉक्टरांकडे न्या. आमच्या आधीच्या कुत्रीच्या वेळी "शांत झोपली" म्हणून मी दार लावून घेतलं होतं. सकाळी ती उठली नाही.

पहाटवारा:
ताई, हे वाचून बल्ब काढला. जाळी चांगली होती हे मी अजूनही म्हणतो.

जुनंखोड:
तीन दिवसांनी लिहितोय. गोधडी उचलून पाहिली. खालून ओली होती. पेंढा भरला, पहिल्या रात्री वाघ्या आत शिरेना, दुसऱ्या रात्री शिरला. आज पहाटे हात घातला तर मधला खड्डा चांगला गरम लागला. बदलायचा कधी?

ओलीमाती:
दबून चपटा झाला, भुगा पडायला लागला किंवा हाताला दमट लागला की.

जुनंखोड:
बरं. दाट केसांच्या कुत्र्याला थंडी कमी लागते, हे मात्र मी सोडलेलं नाही.