डावखुऱ्यांची तलवार आणि मुसाशीच्या दोन तलवारी

जुना विद्यार्थी :
येथे गेल्या आठवड्यात एका सभासदाने लिहिले की, जपानी तलवारबाजीने डावखुऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला आणि त्याला वैतागूनच सतराव्या शतकातल्या डावखुऱ्या मियामोतो मुसाशी या तलवारबाजाने दोन तलवारींची पद्धत काढली. हे वाचून गप्प बसवत नाही. कातानाच्या, म्हणजे लांब जपानी तलवारीच्या, मुठीवर उजवा हात पुढे, त्सुबाजवळ (पाते आणि मूठ यांमधल्या तबकडीजवळ) असतो व डावा टोकाशी. नवशिक्याला वाटते की पुढचाच हात वार करतो, पण जोर डाव्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या पकडीतून येतो. म्हणूनच केंदोतले (बांबूच्या तलवारींनी खेळायच्या जपानी तलवारबाजीतले) ज्येष्ठ तळहात उलटून पाहतात आणि घट्टे डाव्या हातावर नसून उजव्यावर दिसले की नाक मुरडतात. हिदारी-जोदानमधला, म्हणजे तलवार वर उचलून डावा पाय पुढे ठेवण्याच्या पवित्र्यातला, डोक्यावरचा वार तर बहुधा एकट्या डाव्या हाताचा असतो. मग डावखुऱ्याचे नेमके काय बिघडले?

डावरा :
काय बिघडले ते आपल्या उजव्या हाताला कसे कळणार? लहानपणी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल रोज काढून घेतली जात असे. दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, पाऊल टाकले तर तेथेही म्यान डाव्या कमरेलाच. तलवार म्यान करताना पात्याची पाठ डाव्या अंगठ्याच्या बेचक्यातून सरकते आणि मग टोक म्यानाच्या तोंडात उतरते. माझ्या अडाणी उजव्या हाताने ते टोक सहा महिने बेचक्यातच रुतवले. जपानातही मुलांना काड्या आणि कुंचला उजव्या हातात धरायला लावत, आणि 'हिदारिगिच्चो' हा डावखुऱ्यासाठीचा शब्द कोणी कौतुकाने उच्चारत नसे. यात तंत्र किती आणि वळण किती, ते सांगा.

जुना विद्यार्थी :
बेचके सर्वांचेच सोलते. शिवाय रांगेत एकानेच उलट्या बाजूने तलवार उपसली, तर शेजाऱ्याचे काय होईल?

ग्रंथकीटक :
मुसाशी डावखुरा होता, हे कोठून आले? १६४३ साली कुमामोतोजवळच्या रेइगान गुहेत त्याने लिहायला घेतलेल्या 'गोरिन नो शो' या ग्रंथात तसा उल्लेख नाही. उलट तो म्हणतो की घोड्यावर, धावताना किंवा डाव्या हातात धनुष्य वा भाला असताना तलवार एका हातानेच चालवावी लागते, आणि ती सवय व्हावी म्हणून दोन तलवारी घेऊन सराव करायचा. मुसाशीपासून चालत आलेल्या संप्रदायात, नितेन इचि-र्‍यूत आज एकट्या लांब तलवारीच्या १२ काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) आहेत, छोट्या तलवारीच्या ७ आणि दोन तलवारींच्या अवघ्या ५. त्यातही लांब तलवार उजव्याच हातात.

रणवाद्य :
आणि १६१२ साली गान्र्‍यू बेटावर सासाकी कोजिरो या प्रतिस्पर्ध्याला त्याने, कथेप्रमाणे, एकाच लाकडी तलवारीने लोळवले. पडद्यावर दोन तलवारी पाहून इतिहास लिहिणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचावे.

डावरा :
मी मुसाशीविषयी अवाक्षरही काढलेले नाही. कोणाचा राग कोणावर काढता?

नितोवाला :
सगळे मुसाशीवर घसरले आहेत, तर जो प्रत्यक्ष दोन शिनाई (बांबूच्या तलवारी) घेऊन खेळतो त्याचेही ऐका. जपानात माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांच्या स्पर्धांत नितो, म्हणजे दोन शिनाईंचा खेळ, चालतच नाही. महाविद्यालयात पोहोचेपर्यंत आमची सुरुवातच होत नाही आणि नंतर लोक सर्कसवाले म्हणून हिणवतात. प्रौढ पुरुषाची नेहमीची शिनाई १२० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि किमान ५१० ग्रॅम वजनाची असते. आमची मोठी शिनाई ११४ सेंटिमीटरपर्यंत आणि किमान ४४० ग्रॅमची, पण ती एका हाताने पेलायची. राहिला डावखुऱ्यांचा प्रश्न. ग्याकु-नितोमध्ये मोठी शिनाई डाव्या हातात घेता येते आणि नियम त्याला आडवा येत नाही.

ग्रंथकीटक :
केंदोतली सवलत जुन्या र्‍यूला लावू नका. तेथे काता ठरलेल्या आहेत.

डावरा :
म्हणजे वाट आहे, फक्त शाळा संपेपर्यंत ती बंद ठेवायची. धन्य आहे.

जुना विद्यार्थी :
ग्याकु-नितो माझ्या लक्षात आले नव्हते, हे कबूल. तलवार उपसण्याच्या आणि म्यान करण्याच्या बाबतीत उजवा हातच गृहीत धरला आहे, हेही नाइलाजाने मान्य करतो. मात्र पकडीविषयी मी तसूभरही मागे हटणार नाही. डावरा यांनी पुढच्या सरावानंतर स्वतःचे दोन्ही तळहात शेजारी धरून पाहावेत आणि घट्टे कोठे आहेत ते येथेच लिहावे.

डावरा :
डाव्याच हातावर आहेत. आत्ताच पाहिले. समाधान झाले?